पाच जणांची पाच मतं आणि तुमची ५० एमएम

तुमचा प्रश्न वाचला, तिन्ही फोटो मोठे करून पाहिले. आधी प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी कशाचं उत्तर देतेय ते स्पष्ट राहील. तुमच्याकडे कॅनन १५००डी आहे आणि त्यावर नवीन घेतलेली ५० एमएम एफ/१.८ लेन्स. मुलगी चार वर्षांची. फोटो तीन ठिकाणचे आहेत: गंगापूर रोडच्या फ्लॅटची बाल्कनी, पंचवटीतला तिच्या आजोळचा वाडा आणि मखमलाबादला मित्राची द्राक्षबाग. तिन्ही फोटो लेन्सचं तोंड, म्हणजे ॲपर्चर, पूर्ण उघडं ठेवून १.८ ला काढलेत (हा आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं). पाच जणांना दाखवलेत आणि पाच उत्तरं आली. कॅमेरा क्लबातले एक ज्येष्ठ म्हणाले, डोळा शार्प नाही, ८५ एमएमची लेन्स घ्या. ऑफिसातला मित्र म्हणाला, नाक मोठं दिसतंय. मेव्हण्यांना बॅकग्राउंड एकदम सिनेमासारखी वाटली. बायकोला मुलगी उगाच गंभीर वाटली. आणि सासूबाईंनी विचारलं, मी एवढे नवे डूल आणले ते गेले कुठे? आता तुम्ही विचारताय की ८५ घेऊ का, आणि यातलं नक्की कुणाचं ऐकू.

मी नाशिकमध्येच मुलांचे फोटो काढते. बारसं, जावळ, वाढदिवस, मुंज, सगळं. त्यामुळे ही पाच माणसं मला दर रविवारी भेटतात, फक्त नावं बदलतात. माझं म्हणणं असं की क्लबातले ज्येष्ठ, मित्र आणि सासूबाई या तिघांची तक्रार मुळात एकच आहे. तुम्ही मुलीच्या फार जवळ जाऊन फोटो काढताय. मेव्हण्यांनी कौतुक केलं तेही त्याच गोष्टीचं, त्यांना ती आवडली इतकंच. बायकोचा मुद्दा वेगळा आहे, त्याकडे नंतर येते. फोटो पाहणारा माणूस दुखणं बहुतेक वेळा बरोबर दाखवतो, औषध मात्र स्वतःच्या घरात असेल ते देतो. त्या ज्येष्ठांकडे ८५ असणार, पैज लावायला तयार आहे.

वाड्यातला फोटो घ्या. मुलगी उंबरठ्यावर बसलीय, एक हात चौकटीवर, चेहरा थोडा वळलेला. हा फोटो शंभर टक्के मोठा करून पाहिला तर सगळ्यात धारदार काय आहे? कपाळावर आलेली केसांची बट आणि टिकली. टिकलीच्या कडेची चमकसुद्धा मोजून घ्यावी इतकी स्पष्ट. जवळचा डोळा त्याच्या किंचित मागे, म्हणून तो जरासा मऊ. लांबचा डोळा आणखी मऊ. कानाच्या जागी नुसता गव्हाळ रंगाचा धूर आहे आणि त्या धुरात चांदीचे दोन ठिपके. ते सासूबाईंचे डूल.

असं का झालं, याचा हिशोब सरळ आहे. तुमच्या सेन्सरच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या भागाच्या, आकाराला ५० एमएम, एफ/१.८ आणि एक मीटर अंतर धरलं तर स्पष्ट दिसणारी खोली, ज्याला आपण डेप्थ ऑफ फील्ड म्हणतो, ती अडीच ते पावणेतीन सेंटिमीटर येते. फोकस जिथे लागला त्याच्या पुढे साधारण सव्वा आणि मागे सव्वा. एक तृतीयांश पुढे आणि दोन तृतीयांश मागे असा जो नियम सगळीकडे सांगतात तो एवढ्या जवळच्या अंतराला लागू होत नाही, इथे दोन्ही बाजू जवळपास सारख्याच असतात. चार वर्षांच्या मुलीच्या नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचा पल्ला दहा सेंटिमीटरच्या आसपास. त्यातले अडीच तुमच्या हातात, बाकीचे गेले. शिवाय मूल श्वास घेतं, डुलतं, तुमच्याकडे झुकतं, आणि तुम्हीही उकिडवे बसून डुलत असता. दोघांचं मिळून दोन सेंटिमीटर सहज हलतं.

आता फक्त दोन पावलं मागे जा आणि दोन मीटरवर उभे राहा. बाकी काहीही बदलू नका. तीच खोली आता साडेदहा सेंटिमीटर झाली. अंतर दुप्पट केलं की खोली चौपट होते. सोबत ॲपर्चर १.८ वरून २.८ केलंत तर ती सोळा सेंटिमीटरच्या पुढे जाते. तुम्ही म्हणाल की मग चेहरा छोटा येईल. येईल, तो क्रॉप करा, म्हणजे नंतर कडा कापून टाका. तुमच्या कॅमेऱ्यात २४ मेगापिक्सेल आहेत. दोन मीटरवरून काढून पहिल्याइतकाच चेहरा क्रॉप केलात तरी सहा उरतात, आणि सहा मेगापिक्सेलमध्ये आठ बाय बाराची प्रिंट व्यवस्थित निघते. क्रॉप करून मोठं केलं की धूसरपणाही मोठा होतो, त्यामुळे ते सोळा सेंटिमीटर प्रत्यक्षात आठच धरा. तरी पहिल्यापेक्षा तिप्पट आहेत. फोकस डोळ्यावर असेल तर नाकाचा शेंडा, दोन्ही डोळे, ओठ सगळं आत येतं. डूल थोडे मऊ राहतील, पण ते डूल आहेत आणि कुठल्या घडणीचे आहेत हे कळेल.

नाकाचंही तेच. नाक मोठं येणं हा लेन्सचा दोष नाही, ते अंतरावरून ठरतं. एक मीटरवर उभं राहिलं की नाक कानापेक्षा दहा सेंटिमीटरने, म्हणजे एकूण अंतराच्या दहा टक्क्यांनी जवळ असतं, आणि तेवढं ते मोठं दिसतं. दोन मीटरवर हा फरक पाच टक्क्यांवर येतो. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत सगळ्यांचंच नाक पुढे येतं ते याचमुळे. बाल्कनीतल्या फोटोत तर तुम्ही एक मीटरपेक्षाही जवळ गेला आहात असं दिसतंय. ही लेन्स पस्तीस सेंटिमीटरपर्यंत फोकस करते म्हणून माणसाला तिथवर जायचा मोह होतो. फुलासाठी जा, नातेवाइकांसाठी नको.

मागे सरकायला लोक तयार होत नाहीत त्याचं खरं कारण मेव्हण्यांचं कौतुक. धूसर बॅकग्राउंडसाठी लेन्स घेतली, मग मागे कशाला जायचं? इथे एक गंमत आहे. पार्श्वभूमी बरीच लांब असेल तर मागचा प्रत्येक ठिपका जी चकती होऊन पसरतो, ती चेहऱ्याच्या मापात, म्हणजे चेहऱ्याशेजारी पट्टी धरून मोजली तर, लेन्सच्या उघड्या तोंडाएवढी असते. ५० भागिले १.८, म्हणजे जवळजवळ २८ मिलिमीटर. तुम्ही मुलीपासून किती लांब आहात याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. मागची झाडं तिच्यापासून दहा मीटरवर असतील तर एका मीटरवरून ती चकती २५ मिलिमीटरची, दोन मीटरवरून २३ ची. डोळ्याला हा फरक कळतही नाही. पण झाड किंवा भिंत तिच्या मागे एकाच मीटरवर असेल तर तीच चकती १४ वरून ९ वर येते, आणि तो फरक कळतो. सांगायचा मुद्दा, धूसर बॅकग्राउंड हवी असेल तर मुलीला भिंतीपासून पुढे ओढा, स्वतः तिच्या अंगावर जाऊ नका. गंगापूर धरणाच्या कडेला संध्याकाळी मागे नुसतं पाणी आणि पलीकडचा काठ असतो, तिथे मी एफ/४ ला काढते आणि तरी लोक विचारतात कोणती लेन्स आहे म्हणून.

इथवरचं थोडक्यात: दोन मीटर, एफ/२.८, मुलगी मागच्या गोष्टींपासून लांब, गरज पडली तर क्रॉप. एवढ्याने तिघांची तोंडं बंद होतील आणि मेव्हण्यांचंही मन राहील.

आता ८५. तुमच्या फोटोतली तीच चौकट भरायला ८५ लावून तुम्हाला १.७ मीटरवर जावं लागेल. तिथे १.८ ला खोली किती? तेवढीच, अडीच-पावणेतीन सेंटिमीटर. म्हणजे ज्या डोळ्यासाठी ते ज्येष्ठ ८५ घ्यायला सांगतायत तो डोळा आहे तसाच राहणार. आणि ८५ची महाग एफ/१.४ घेतलीत तर खोली दोन सेंटिमीटरवर येईल, म्हणजे दुखणं वाढलंच. ८५चे फायदे खरे आहेत, पण ते दुसरे आहेत. ती तुम्हाला जबरदस्तीने मागे उभं करते, त्यामुळे नाक जागेवर येतं. आणि तिचं उघडं तोंड ४७ मिलिमीटरचं, त्यामुळे मागचं जास्त विरघळतं. तोटा असा की तुमच्या कॅमेऱ्यासारख्या लहान (क्रॉप) सेन्सरवर ती घरात अडचणीची होते. चार वर्षांची मुलगी डोक्यापासून पायापर्यंत थोडी मोकळी जागा ठेवून फ्रेममध्ये बसवायची तर ८५ ला पंधरा फूट मागे जावं लागतं. नाशिकच्या टू-बीएचकेच्या हॉलमध्ये पंधरा फूट म्हणजे तुम्ही जिन्यात उभे. ५० ला नऊ फुटांत काम होतं.

त्यामुळे हे तुमच्यावर अवलंबून आहे. बहुतेक फोटो बागेत, मैदानावर, घाटावर काढणार असाल तर ८५ एफ/१.८ घ्या, वर्षानुवर्षं वापराल. घरातच जास्त काढणार असाल तर पैसे ठेवा. आणि लगेच घ्यायचीच असेल तर आधी एका रविवारपुरती भाड्याने आणून त्याच वाड्यात, त्याच उंबरठ्यावर वापरून बघा. १.४ च्या वाटेला मात्र तुमच्या कॅमेऱ्यावर तरी जाऊ नका.

हे म्हणायचं कारण फोकस. १५००डी मध्ये नऊ फोकस पॉइंट आहेत आणि त्यातला मधलाच तेवढा क्रॉस टाइप, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा. कडेचे पॉइंट कमी प्रकाशात चाचपडतात. नवीन मिररलेस (आत आरसा नसलेले) कॅमेरे डोळा शोधून त्याला चिकटून राहतात, त्यांना १.८ ची भीती कमी. आपल्याला ते काम हाताने करावं लागतं. कॅमेरा स्वतः पॉइंट निवडतोय अशी सेटिंग असेल तर आधी ती बंद करा. वाड्यातल्या फोटोत तेच झालंय असा माझा अंदाज आहे, कारण कॅमेऱ्याला जवळची आणि ठळक वस्तू आवडते आणि गव्हाळ कपाळावरच्या काळ्या टिकलीइतकं ठळक दुसरं काय असणार? फक्त मधला पॉइंट ठेवा आणि तो जवळच्या डोळ्यावर धरा. जवळच्याच. लांबचा डोळा मऊ असला तर लोक माफ करतात, जवळचा मऊ असला की सगळा फोटो झोपेतला वाटतो.

फोकस लॉक करून मग कॅमेरा वळवून फ्रेम लावायची सवय असेल तर तीही सोडा. एका मीटरवर कॅमेरा दहा अंश वळवला तर फोकसची पातळी डोळ्याच्या दीड सेंटिमीटर मागे जाते. तुमच्याकडे मागे-पुढे सव्वाच होते. म्हणजे सगळं बरोबर करूनही फोटो गेला. त्याऐवजी डोळा मध्ये ठेवूनच फोटो काढा आणि नंतर क्रॉप करून चेहरा हवा तिथे न्या. मागे उभे राहिलात म्हणून आजूबाजूला तेवढी जागा मिळतेच. मूल बसलेलं असेल तर वन शॉट (एकदाच फोकस लावून थांबणारा मोड) चालेल, उभं राहिलं की एआय सर्व्होवर (हलणाऱ्या माणसाबरोबर फोकस बदलत राहणाऱ्या मोडवर) जा. कॅमेरा सेकंदाला तीन फोटो काढतो, त्यामुळे बटण दाबून ठेवण्यापेक्षा दोन-दोन तीन-तीनच्या झुपक्यात काढलेलं बरं.

आणि शटर. बसलेल्या मुलासाठी १/२५० सेकंद, खेळणाऱ्यासाठी १/५००. यासाठी आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ८०० किंवा १६०० करावा लागला तर खुशाल करा. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. आई-वडिलांनी दाणे पाहून फोटो परत केल्याचं मला तरी आठवत नाही.

तुमचा वाडा मात्र मला फार आवडला, म्हणून त्यावर थोडी जास्त बोलते. पंचवटीतल्या किंवा जुन्या नाशकातल्या वाड्यात चौकातून येणारा उजेड हा पोर्ट्रेटसाठी पैसे देऊनही मिळणार नाही असा असतो. वरून आकाश उघडं, चारी बाजूंना भिंती, त्यामुळे ऊन थेट अंगावर येत नाही आणि उजेड मऊ होऊन ओसरीत शिरतो. तुम्ही मुलीला उंबरठ्यावर बसवलं ते ठीक, पण ती आतल्या बाजूला तोंड करून आहे. उजेड तिच्या पाठीवर पडतोय आणि चेहरा सावलीत. तिला वळवा. पाठ माजघराकडे, तोंड चौकाकडे. मागे माजघराचा काळोख येईल आणि मग १.८ ची गरजच उरणार नाही, कारण काळोखाला धूसर काय करणार? अशा ओसरीत सकाळी दहाच्या सुमाराला मला आयएसओ ८०० ला एफ/२.२ आणि १/२५० असं काहीसं मिळतं. डोळ्यांत चौकाचा उजळ चौकोन उमटतो, आणि त्या चौकोनाशिवाय डोळा कितीही शार्प असला तरी जिवंत वाटत नाही. माझा अंदाज असा की त्या ज्येष्ठांना डोळा खटकला तो निम्मा फोकसमुळे आणि निम्मा हा चौकोन नसल्यामुळे. भिंतीला चुना असेल तर ती बाजू उजेड परत फेकते. निळ्या किंवा हिरव्या ऑइलपेंटची असेल तर गाल त्याच रंगाचा होतो, तेव्हा त्या भिंतीपासून लांब.

बागेतला फोटो याच कारणाने फसलाय आणि पाचांपैकी कुणीही ते बोललं नाही. द्राक्षवेलींच्या मांडवाखाली उभं राहिलं की वरून पानांतून गाळून येणारा उजेड हिरवा असतो आणि जमिनीकडून येणारा मातीचा तांबूस. मुलीच्या कपाळावर हिरवट झाक आहे, हनुवटीखाली विटकरी. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याची रंग जुळवायची सेटिंग, फिरवून एक रंग काढलात तर दुसरा वाढतो. उपाय म्हणजे मांडवाच्या आत न जाता ओळीच्या तोंडाशी, जिथे वेली संपतात आणि मोकळं आकाश सुरू होतं, तिथे तिला उभी करा. तोंड बाहेर, पाठ ओळीकडे. मागे ती ओळ लांबवर जात राहते, त्यामुळे धूसरपणा आपोआप मिळतो. उजेड कमी पडला तर समोरून खाली पांढरी चादर अंथरा किंवा थर्माकोलचा मोठा तुकडा धरायला कुणाला तरी सांगा. घडांना कागद गुंडाळलेले असतील तर ते पांढरे ठिपके मागून डोक्याभोवती डोकावतात, जागा बदलून बघा.

दुपारी बागेत १.८ लावण्याचा विचार करू नका. कडक उन्हात आयएसओ १०० ला १.८ साठी शटर १/८००० च्या आसपास लागतं आणि तुमचा कॅमेरा १/४००० वर थांबतो. गाल पांढरेफटक पडतात आणि गेलेला तपशील नंतर परत येत नाही. डिसेंबर-जानेवारीत सकाळी ऊन बराच वेळ तिरकं असतं, तेव्हा बाग सुंदर दिसते. मार्चनंतर लवकर जा किंवा पाचनंतर. आणि मित्राला आधी विचारून घ्या की फवारणी कधी झाली. ताज्या फवारणीच्या बागेत चार वर्षांच्या मुलीला नेऊन पानं हातात धरायला लावू नये, फोटो किती का चांगला येईना.

बाल्कनीबद्दल फार काही नाही. ग्रिलच्या सावल्या तोंडावर पडतायत. तिला आत, दारापासून एखाद-दोन फुटांवर बसवा आणि तुम्ही बाल्कनीत जा.

आता बायकोचा मुद्दा, मुलगी गंभीर दिसते हा. यात मी तुमच्या बाजूने आहे, पण अर्धीच. मूल गंभीर असणं हा दोष नाही. मुलाचा नुसता चेहरा पडदा भरून टाकू शकतो हे नाशिककरांना कुणी शिकवायला नको. दादासाहेब फाळक्यांनी १९१९ साली 'कालिया मर्दन'मध्ये आपल्या मुलीला, मंदाकिनीला, कृष्णाच्या भूमिकेत उभं केलं तेव्हा चित्रपटाच्या सुरुवातीलाच तिच्या चेहऱ्यावरचे निरनिराळे भाव दाखवले होते, आणि त्यात सगळं हसूच नव्हतं. पण तुमच्या बागेतल्या फोटोतली मुलगी गंभीर नाहीये, कंटाळलीय. खांदे पडलेत, आणि नजर कॅमेऱ्याच्या बरीच डावीकडे आहे. तिथे मावशी किंवा आजी उभी राहून किल्ल्या वाजवत असणार. मुलांच्या फोटोतली अर्धी वाकडी नजर या किल्ल्यांमुळे येते. मदत करणाऱ्याला तुमच्या मागे, बरोबर तुमच्या डोक्यावरून पाहील असं उभं करा आणि एकालाच बोलू द्या. "हस गं बाळा" हे शब्द बंद. त्यातून दात दिसतात, हसू नाही. तिला काहीतरी करायला द्या: डूल कुठल्या कानातला जड आहे विचारा, उंबरठ्यावरच्या मुंग्या मोजायला लावा. ती विचार करून वर बघेल, तो क्षण घ्या. दहा मिनिटांत झालं तर झालं, नाहीतर सोडून द्या. चार वर्षांचं मूल त्याहून जास्त वेळ कुणाचंही मॉडेल होत नाही.

कुणाचं ऐकायचं, याचं मी काय करते ते सांगते. फोटो दाखवताना आधी काहीच सांगत नाही. लेन्स, ॲपर्चर, कुठे काढला, किती कष्ट पडले, काही नाही. कारण १.८ म्हटलं की समोरचा फोटो पाहायचा सोडून १.८ पाहायला लागतो. एकच प्रश्न विचारते: पहिल्यांदा नजर कुठे गेली? टिकलीवर गेली म्हणाले तर फोकस चुकला. मागच्या दिव्यांवर गेली तर बॅकग्राउंड जास्त झाली, मग ती कितीही सिनेमासारखी असो. डोळ्यांवर गेली तर बाकी काय म्हणतात ते निवांत ऐकायचं. फोटोग्राफर मंडळी तांत्रिक खोट पटकन पकडतात, पण फोटो कशासाठी काढला हे विसरतात. घरचे लोक कशासाठी ते कधी विसरत नाहीत, पण मूल गोड आहे म्हणून फोटोला चांगलं म्हणतात. तुमच्या पाचांमध्ये सासूबाईंचं मत मला सगळ्यात कामाचं वाटलं. त्यांनी लेन्सबद्दल अक्षर काढलं नाही, फक्त जे दिसायला हवं होतं ते दिसत नाही एवढं सांगितलं. पुढचा फोटो त्यांना चार बाय सहाची प्रिंट काढून हातात द्या, मोबाइलवर दाखवू नका. मोबाइलच्या पडद्यावर सगळेच फोटो शार्प असतात.

एकाने सांगितलं म्हणून लगेच काही बदलू नका. पण एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघांनी एकाच जागेवर बोट ठेवलं तर ती जागा नीट पाहा, त्यांचं कारण पटलं नाही तरी. आवडीनिवडीच्या गोष्टी, म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट करा, उबदार रंग द्या, हे कानाआड केलंत तरी चालेल. आणि मुलीचे फोटो अनोळखी लोकांसमोर मतासाठी ठेवताना शाळेचा बिल्ला, सोसायटीचं नाव, अंघोळीचे फोटो यांतलं काही जात नाही ना, हे पोस्ट करण्याआधी बघा. तिला अजून हो-नाही सांगता येत नाही, तेव्हा ते तुम्हालाच ठरवायचंय.

नवीन काही विकत घेण्याआधी एक चाचणी मात्र करा. टेबलावर तीन काड्यापेट्या उभ्या ठेवा, शेजारी शेजारी, पण प्रत्येक आधीच्यापेक्षा दोन सेंटिमीटर मागे. कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा पुस्तकांच्या चळतीवर, एक मीटर लांब, एफ/१.८. व्ह्यूफाइंडरमधून मधल्या पेटीवर मधल्या पॉइंटने फोकस करा, फोटो काढा, फोकस बिघडवा, पुन्हा करा, असं पाच-सहा वेळा. मग तेच लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पाहून. लाइव्ह व्ह्यूचा फोकस हळू असतो, पण तो थेट सेन्सरवरच्या चित्रावरून लागतो, त्यामुळे स्थिर वस्तूसाठी जास्त भरवशाचा. व्ह्यूफाइंडरमधून दरवेळी पुढची किंवा दरवेळी मागचीच पेटी शार्प आली आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये मधली आली, तर लेन्स आणि बॉडी यांचं जुळत नाहीये. १५००डी मध्ये ते आपल्याला जुळवता येत नाही, लेन्स आणि कॅमेरा दोन्ही सर्व्हिस सेंटरला द्यावे लागतील. दोन्हीकडे मधलीच शार्प आली तर लेन्स ठणठणीत आहे. ते काड्यापेट्यांचे फोटो मूळ आकारात, क्रॉप न करता इथे टाका, म्हणजे फोकसबद्दल अंदाजाने न बोलता नक्की सांगता येईल.